वाचकांचे प्रश्न : माशी, खाच आणि छिद्र

ठाणे आणि नवी मुंबईतून या वेळी आलेली बरीचशी पत्रं जुन्या लिव्हर-ॲक्शन (चापाखालचा दांडा ओढून काडतूस भरायच्या) रायफलींच्या साइटबद्दल, म्हणजे नेम धरायच्या खुणांबद्दल, आहेत. या रायफली घडल्या शिकारीसाठी. आपल्याकडे शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झाली, रायफली मात्र परवान्यासकट घराघरांत उरल्या. तेव्हा खालची सगळी उत्तरं रेंजवरच्या कागदी लक्ष्यासाठी आहेत. उत्तरांत ‘माशी’ म्हणजे नळीच्या टोकाची पुढची साइट, ‘खाच’ म्हणजे मागची उघडी साइट आणि ‘पीप’ म्हणजे छिद्रातून बघायची मागची साइट.

प्रश्न : आजोबांची विंचेस्टर ९४, थर्टी-थर्टी काडतुसाची कार्बाइन (आखूड रायफल), गेल्या वर्षी रीतसर माझ्या परवान्यावर आली. मागच्या साइटला दोन्ही बाजूंनी शिंगांसारखे कान आहेत, पुढे बारीक पितळी मणी. माझं वय ५३. मणी स्पष्ट दिसला की खाच धूसर होते, खाच स्पष्ट केली की मणी विरघळतो. दूरबीण बसवावी, की दुसरी साइट? कोणती?
— वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : दूरबीण आधी निकालात काढू. तुमची रायफल आजोबांच्या काळातली, म्हणजे रिकामं काडतूस सरळ वर फेकणारी. विंचेस्टरने ते तिरकं बाहेर टाकायची व्यवस्था १९८० नंतर केली. जुन्या ९४ वर मधोमध दूरबीण बसवली तर प्रत्येक काडतूस तिच्या बुडावर आपटेल. बाजूला सरकवून बसवता येते, पण मग गाल दस्त्यावरून उचलून नेम धरावा लागतो. कपाटातून काढली की हातात नीट बसते, हीच या कार्बाइनची खुबी, आणि ती तिथेच जाते.

आता डोळ्याचं. तुम्हाला एकाच वेळी तीन अंतरं बघायची आहेत : खाच साधारण ३५ ते ४० सेंटिमीटरवर, माशी ८० सेंटिमीटरच्या आसपास आणि लक्ष्य ५० मीटरवर. विशीतला डोळा या तिन्हींत इतक्या झरझर फिरतो की ते कळतही नाही. पन्नाशीत भिंगाची लवचीकता गेलेली असते. तीनपैकी एक सोडावंच लागतं आणि सोडायची ती खाच. पीप नेमकं हेच करते. छिद्र डोळ्याजवळ आल्यामुळे ते धूसरच दिसतं आणि तसंच दिसायला हवं. आपण छिद्राकडे बघत नाही, त्यातून बघतो. मणी मध्यावर आणायचं काम डोळा आपसूक करतो, कारण छिद्रात उजेड मध्यावरच सर्वांत जास्त असतो. शिवाय लहान छिद्रामुळे जवळचं आणि लांबचं दोन्ही एकत्र बऱ्यापैकी स्वच्छ दिसतं. चष्मा विसरला की आपण मुठीच्या फटीतून पाटी वाचतो, तेच तत्त्व.

पण खरेदीआधी रायफल उजेडात घ्या. रिकामी आहे हे दोनदा तपासा : लिव्हर पूर्ण खाली ओढून चेंबरमध्ये बोट घाला, मॅगझिनच्या नळीतला फॉलोअर (काडतुसं पुढे ढकलणारा तुकडा) दिसतो का तेही बघा. मग रिसीव्हरची (नळीमागच्या, यंत्रणा असलेल्या पोलादी भागाची) डावी बाजू मागच्या टोकापर्यंत निरखा. तिथे दोन बारीक, बिनडोक्याचे स्क्रू दिसले तर ती कारखान्यातूनच आलेली भोकं आहेत, पीपसाठी ठेवलेली. नंतरच्या बऱ्याच ९४ वर ती असतात, सुरुवातीच्या रायफलींवर नसतात. ती असतील तर प्रश्न मिटला. लायमन किंवा विल्यम्सची या मॉडेलसाठी बनलेली रिसीव्हर पीप त्याच दोन भोकांत बसते, रायफलीला ओरखडाही पडत नाही. विल्यम्सच्या साध्या ‘एफपी’ पीपला क्लिक, म्हणजे टकटक करत सरकणारे ठरलेले टप्पे, नसतात. लॉक-स्क्रू सैल करून स्लाइड सरकवायची, खुणेच्या रेषा मोजायच्या, पुन्हा आवळायचं. एकदा जुळवून विसरून जाणाऱ्याला हीच बरी.

बाजूला भोकं नसतील तर घोड्याच्या मागे, दस्त्याच्या बारीक भागावरची (त्याला ‘मनगट’ म्हणतात) पोलादी पट्टी, म्हणजे टँग, बघा. जुन्या रायफलींवर तिथे लाकडाच्या मुख्य स्क्रूखेरीज आणखी एक बुजवलेलं भोक असतं. ते टँग साइटचं. टँग पीप डोळ्याच्या सर्वांत जवळ येते, चित्र सुरेख दिसतं आणि आडवी पाडून ठेवता येते. तिचे दोन तोटे आहेत. अंगठा नेहमीसारखा मनगटावरून पलीकडे टाकता येत नाही, तो उजव्या बाजूला ठेवायची सवय करावी लागते. आणि मान पुढे काढून नेम धरणाऱ्याच्या भुवईला ती धक्क्यासरशी लागू शकते. थर्टी-थर्टीचा धक्का मोठा नाही, पण साइटची कड धारदार असते.

दोन्हीकडे काही नसेल तर नवीन भोक पाडू नका. परदेशी रायफलींची खाजगी आयात बंद असताना जुन्या, न छेडलेल्या रायफलीला मोल आहे आणि बिघडवली तर बदली मिळणार नाही. अशा वेळी नळीवरची कानवाली खाच काढून तिच्या जागी सपाट माथ्याची, रुंद आणि उथळ व्ही आकाराची पट्टी घाला. व्हीच्या तळाशी पांढरी उभी रेघ असलेली मिळाली तर उत्तम. ही खाच धूसर असली तरी चालते, कारण तिच्यात ‘काठ जुळवणं’ असं काही नाही. मणी रेघेवर ठेवायचा, ‘टिकली कपाळावर’ म्हणतात तसा. जुन्या कानवाल्या खाचेचा दोष असा की कान लक्ष्याच्या दोन्ही बाजू झाकतात आणि घाईत मणी तळाच्या बारीक खाचेत न बसता वरच्या मोठ्या पोकळीत तरंगतो. गोळी मग वर जाते आणि माणूस रायफलीला दोष देतो. काढलेली साइट मात्र कानशीने घासून ‘सुधारू’ नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत तेल लावून, चिठ्ठी घालून ठेवा.

छिद्र केवढं? पीपबरोबर येणाऱ्या चकतीचं छिद्र बहुधा बारीक असतं. एक ते सव्वा मिलिमीटरचं छिद्र पांढऱ्या कागदावर, भर उन्हात, झोपून मारायला ठीक. छपराखालच्या रेंजवर किंवा पावसाळी दुपारी त्यातून काळोखच दिसेल. ३.८ ते ५.८ मिलिमीटरच्या दरम्यानचं छिद्र घ्या. पहिल्यांदा ‘एवढ्या भोकातून नेम कसा लागणार’ असं वाटतं. रिकाम्या रायफलीने सुरक्षित दिशेला वीसेक वेळा खांद्याला लावून बघा, शंका राहणार नाही.

मण्याचा आकार हा निम्मा निर्णय, आणि लोक तो सगळ्यात शेवटी घेतात. बाजारात मुख्यतः दोन मापं : १/१६ इंच म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर आणि ३/३२ इंच म्हणजे सुमारे २.४. माशी डोळ्यापासून ८० सेंटिमीटरवर धरली तर ५० मीटरवर पहिला मणी १० सेंटिमीटरचा गोल झाकतो, दुसरा १५ सेंटिमीटरचा. पीपबरोबर आणि कागदावर मारण्यासाठी १.६ पुरे. उघड्या व्हीबरोबर, पन्नाशीच्या डोळ्याला २.४. तुमच्या कार्बाइनवर माशी डोव्हटेलमध्ये (आडव्या, तळाशी रुंद होणाऱ्या खोबणीत) नसून नळीवरच्या उंचवट्यात पात्यासारखी बसवून आडव्या बारीक पिनेने पकडलेली असू शकते. ऑर्डर देण्याआधी ते बघा. डोव्हटेलची माशी त्या जागी बसत नाही.

शेवटी चष्मा. प्रोग्रेसिव्ह काच नेमबाजीला कामाची नाही. दस्त्यावर गाल टेकला की डोळा काचेच्या नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यातून बघतो आणि तिथला नंबर भलताच असतो. नेमाच्या डोळ्यासाठी लांबच्या नंबरात +०.५० मिळवून एकाच नंबरची काच करून घ्या. दुकानात रायफल न्यायची नसते, तेव्हा काडेपेटीची काडी ८० सेंटिमीटरवर धरायला सांगा. काडीचं गुल रेखीव आणि मागचा तक्ता किंचित मऊ दिसला की काच बरोबर.

प्रश्न : थर्टी-थर्टीवर पीप बसवली. सगळ्यात खाली आणूनही ५० मीटरवर गोळ्या ११ सेंटिमीटर वर लागतात. काडतुसं मोजकी आहेत, अंदाजाने माशा बदलत बसणं परवडत नाही. किती उंच माशी घ्यावी?
— वाचक, कोपरखैरणे

उत्तर : अंदाज नको, त्रैराशिक पुरे. गोळी जितकी चुकली ते अंतर गुणिले दोन साइटमधलं अंतर, भागिले लक्ष्याचं अंतर. सगळं मिलिमीटरमध्ये.

पीपपासून माशीपर्यंत टेपने मोजा. ९४ च्या कार्बाइनवर ते ६५० मिलिमीटरच्या जवळपास येतं असं धरू. ११० गुणिले ६५० भागिले ५०,००० म्हणजे १.४३. माशी आत्तापेक्षा १.४३ मिलिमीटर उंच हवी. साइटच्या यादीत उंची इंचाच्या हजाराव्या भागात देतात. २५.४ ने भागा : ०.०५६ इंच. तुमची माशी ०.३४३ असेल तर ०.४०० च्या आसपासची शोधा. नेमकी नाही मिळाली तर वरची घ्या. उंच माशी कानशीने उतरवता येते आणि पीपही थोडी वर नेता येते, बुटकी माशी वाढवता येत नाही. उंची कॅलिपरने डोव्हटेलच्या बुडापासून मण्याच्या माथ्यापर्यंत मोजा. नळीपासून मोजलेली उंची कॅटलॉगशी जुळणार नाही.

दिशेचा गोंधळ टाळायला एवढं ध्यानात ठेवा : मागची साइट गोळीच्या मागे जाते, पुढची उलट. गोळी उजवीकडे न्यायची तर मागची उजवीकडे किंवा माशी डावीकडे.

नळीवरच्या मूळ खाचेसाठी हेच गणित करून बघा, म्हणजे पीपने काय मिळवलं ते कळेल. तिथे दोन साइटमधलं अंतर ४२० मिलिमीटरच्या घरात. खाचेखालच्या पायऱ्यांच्या पट्टीची एक पायरी अर्धा मिलिमीटर धरली तर ५० मीटरवर गोळी सहा सेंटिमीटर सरकते. मधलं काही नाही. पायरी खाली गेली तर गोळी मध्याच्या खाली, वर गेली तर मध्याच्या वर.

काडतुसं वाचवायची तर पहिल्या तीन गोळ्या २५ मीटरवर मारा, त्रिकोणाचा मध्य धरा आणि साइट हलवा. मग ५० मीटरवर तीन. एका गोळीवर साइट कधीही हलवू नका. टेकू लाकडी फोरएंडच्या (नळीखाली हात धरायच्या लाकडाच्या) खाली, रिसीव्हरच्या शक्य तितका जवळ ठेवा. नळी किंवा मॅगझिनची नळी थेट टेकवली तर पट्ट्यांमधून दाब नळीवर येतो आणि हातात धरल्यावर गोळी दुसरीकडेच जाते. १५० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळीवर जुळवलेली साइट १७० ग्रेनला तशीच लागेल असं समजू नका. ५० मीटरवर जुळलेली १५० ग्रेन थर्टी-थर्टी १०० मीटरवर साधारण तीन-चार सेंटिमीटर खाली लागते, तेव्हा पुढच्या अंतरासाठी वेगळी जुळवणी नको.

आणि पीप लावल्यावर नळीवरची जुनी खाच तिथेच ठेवली असेल तर काढा. ती छिद्रातल्या चित्राच्या खालच्या निम्म्या भागात भुतासारखी उभी राहते. रिकाम्या खोबणीत डोव्हटेल ब्लँक (खोबण बुजवणारा तुकडा) घाला, नाहीतर मुंबईच्या हवेत दोन महिन्यांत तिथे गंज धरेल.

प्रश्न : आचारसंहितेत जमा केलेली रायफल परत आणली तेव्हा साइटभोवती तांबडा गंज होता. मागची साइट बदलायची आहे, पण ठोकूनही हलत नाही.
— वाचक, कळवा

उत्तर : आधी ठोकणं थांबवा. बहुधा उलट्या बाजूने ठोकत आहात. अमेरिकी रायफलींवर रिवाज असा : साइट डावीकडून उजवीकडे ठोकून काढायची, उजवीकडून डावीकडे घालायची, नळीचं तोंड तुमच्यापासून दूर असताना. खोबण कित्येकदा एका बाजूला केसभर रुंद असते, म्हणून उलट ठोकलेली साइट पाचरीसारखी घट्ट होत जाते.

साइट आणि नळी दोन्हींवर मिळून एक बारीक उभी खूण ओढा, म्हणजे साइट सूतभर हलली तरी दिसेल. पट्टीखालची पायऱ्यांची पात काढून घ्या, त्यामुळे वरचा ताण जातो. मग फटीत गंज सोडवणारं पातळ तेल दोन थेंब टाका आणि २४ तास विसरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन थेंब. नळी शिकंज्यात चामड्याच्या किंवा लाकडाच्या जबड्यांत धरा. शिकंजा साइटच्या अगदी जवळ हवा. लांब धरली तर नळी थरथरते आणि ठोक्याचा जोर तिच्यातच मुरतो. पितळी पंच, खोबणीलगत साइटच्या तळावर टेकवलेला. वरच्या पातळ पट्टीवर ठोकलं तर ती वाकेल. हातोडी दोनशे ग्रॅमची चालेल, पण ठोका एकच, नेमका आणि करारी. टुकटुक करत शंभर ठोके दिले की पितळ पसरतं, साइट जागची हलत नाही. पोलादी पंच वापरू नका, आणि बर्नर नळीच्या आसपासही आणू नका. निळसर चढ जातो तो जातोच.

नवीन साइट हाताने खोबणीत अर्ध्यापर्यंत गेली तर सैल आहे, एक तृतीयांश जाऊन अडली तर बरोबर. अजिबात शिरत नसेल तर साइटचं बूड घासायचं, नळीची खोबण नाही. साइट दुसरी मिळते. त्रिकोणी कानशीची एक बाजू ग्राइंडरवर गुळगुळीत करून घ्या म्हणजे कोपऱ्यात घासताना ६० अंशांची कड खाल्ली जाणार नाही. दोन ओढी, बसवून बघा, पुन्हा दोन. सैल असेल तर शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्याची पट्टी, सुमारे एक दशांश मिलिमीटर जाड, खोबणीच्या तळाला घालून साइट वरून ठोका. सेंटर पंचने खोबणीत टोचे मारून कड उचलण्याची जुनी पद्धत आहे. ती चालते, पण पुढच्या माणसाला ते टोचे दिसतात.

प्रश्न : मार्लिन ३३६ आहे. माशी फायबर ऑप्टिक (उजेड गोळा करून चमकणारी प्लॅस्टिकची) घ्यावी, की पितळी? सकाळच्या उन्हात माझ्या गोळ्या नेहमी एका बाजूला जातात.
— वाचक, वाशी

उत्तर : तुमच्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या वाक्यात आहे. गोल पितळी मण्यावर ऊन डावीकडून पडलं की मण्याची डावी कड चमकते, डोळा त्या चमकेलाच मणी समजतो आणि तिला मध्यावर आणतो. खरा मणी त्या वेळी उजवीकडे असतो, गोळी उजवीकडे जाते. ऊन एकीकडे, गोळी दुसरीकडे. दुपारी तुम्ही साइट हलवून ‘दुरुस्त’ केली असेल तर आता दोन चुका झाल्या आहेत.

मार्बल्स कंपनीचा ‘शिअर्ड’ मणी सपाट तोंडाचा असतो, त्यावर ही चमक फारच कमी होते. नवीन घ्यायचा नसेल तर माशीवर टोपी (सावली देणारं आवरण) बसवा, किंवा कापूर पेटवून त्याची काजळी माशीवर धरा. कापराची काजळी कोळशापेक्षा काळी आणि मखमली बसते, बोट लागलं तर मात्र पुसली जाते. कागदी लक्ष्यावर काळी चौकोनी माथ्याची माशी पितळी मण्याहून सरस, कारण तिला वरची सरळ कड असते आणि उंची तिच्यावरून धरता येते. फायबर ऑप्टिक दाट सावलीत, झटपट नेमासाठी बनलं. पांढऱ्या कागदावर ते फुलतं, काठ उरत नाही. शिवाय ती प्लॅस्टिकची काडी आहे, बंदूक साफ करायच्या सॉल्व्हेंटने चिरते.

मागच्या साइटसाठी तुम्हाला नौपाड्याच्या वाचकाएवढा विचार नको. मार्लिनचं काडतूस बाजूने बाहेर पडतं, माथा सपाट आहे आणि १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनच्या रायफलींवर वर स्क्रूची भोकं कारखान्याचीच आहेत. त्याच भोकांत बसणारी बुटकी पीप मिळते. टँग साइट मात्र घेऊ नका : बऱ्याच ३३६ वर क्रमांक त्याच पट्टीवर कोरलेला असतो, आणि परवाना तपासताना क्रमांक झाकलेला दिसणं ही नसती आफत.

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत ओळखीचा लेथवाला आहे, अगदी कुशल. त्याच्याकडून रिसीव्हरला दोन भोकं पाडून घेतली तर?
— वाचक, ऐरोली

उत्तर : नको. शस्त्राची दुरुस्ती किंवा फेरफार परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावा लागतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीलाही परवाना लागतो. लेथवाला कितीही कुशल असो, रायफल त्याच्या हातात सोपवणं हाच तुम्हा दोघांचा गुन्हा ठरेल.

परवानाधारक कारागिराकडे गेलात तरी एक गोष्ट आधी विचारा : सिक्स-फोर्टीएट टॅप (आटे पाडायचं हत्यार) आहे का? या साइटच्या स्क्रूचा व्यास ३.५ मिलिमीटर आणि एका इंचात ४८ आटे, म्हणजे आट्यांमधलं अंतर ०.५३ मिलिमीटर. आपल्याकडे सहज मिळणारा एम ३.५ टॅप व्यासाने तोच, पण आटा ०.६ चा. जुन्या कारागिरांकडच्या फोर बीए टॅपचा आटा ०.६६, व्यास ३.६. साइटबरोबर आलेला स्क्रू या दोन्हींत दीड फेरा छान जातो आणि मग अडतो. तिथे जोर लावला की स्क्रू तरी तुटतो, आटे तरी जातात. भोकासाठी ड्रिल ३.०५ मिलिमीटरचं. दुसरी तपासणी स्क्रूच्या लांबीची : आत अर्धा मिलिमीटर जरी डोकावला तरी बोल्ट (लिव्हरबरोबर मागे-पुढे सरकणारा भाग) त्याला घासतो. साइट आवळल्यावर लिव्हर अगदी हळू चालवा. कुठेही खरखर लागली तर स्क्रूचं टोक घासून आखूड करा, बोल्ट नव्हे.

साइट परदेशातून स्वतः मागवण्यापेक्षा परवानाधारक विक्रेत्यामार्फत मागवा. कस्टममध्ये अडकलेल्या पार्सलचे कागद त्यालाच पुरवता येतात.

प्रश्न : येऊरच्या बाजूला सकाळी कोणी नसतं. पाच-सहा काडतुसांत साइट जुळवून घेतली तर?
— वाचक, घोडबंदर रोड

उत्तर : येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथे भरलेली रायफल घेऊन सापडलात तर साइट जुळली की नाही हे विचारायला कोणी थांबणार नाही. परवानाही जाईल. मोठ्या काडतुसाला मुभा असलेली रेंजच शोधा, आणि आधी फोन करा. कित्येक रेंज फक्त एअर रायफल आणि पॉइंट टू-टूच्या असतात.

प्रश्न : मुलगी १४ वर्षांची, पनवेलला १० मीटर एअर रायफल शिकते. माशीच्या नळीत घालायच्या गोल रिंगा ३.४ पासून ४.८ पर्यंत मिळाल्या आहेत. ती सगळ्यात लहान रिंग वापरते, ‘नेम बारीक धरता येतो’ म्हणते. पण काही गोळ्या अचानक नऊमध्ये जातात.
— वाचक, खारघर

उत्तर : लहान रिंगेचा मोह सगळ्यांनाच होतो. हिशेब करा. लक्ष्यावरचा काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा, दहा मीटरवर. माशी डोळ्यापासून एक मीटरवर धरली तर तिथे तो काळा गोल ३.०५ मिलिमीटरचा दिसतो. ३.४ च्या रिंगेत त्याच्याभोवती पांढरी फट उरते जेमतेम पावणेदोन दशांश मिलिमीटर. रायफल किंचित हलली की फट एका बाजूला मिटते, रिंग आणि गोल एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात आणि डोळ्याला चूक केवढी ते कळेनासं होतं. मुलगी मग श्वास रोखून, चाप ओढायचं पुढे ढकलत, गोल मध्यावर ‘बसवायला’ बघते. आठ-दहा सेकंदांनंतर डोळ्यापुढचं चित्र थकतं. त्या नऊच्या गोळ्या तिथल्याच असाव्यात.

४.२ ची रिंग घाला. फट अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त होईल, हलणं दिसेल पण भीती वाटणार नाही. उभ्याने मारताना अजून डोलत असेल तर ४.४. दर आठवड्याला बदलू नका, एका मापावर तीनशे-चारशे गोळ्या होऊ द्या. रेंजवरचा उजेड कमी असेल तर रिंगेऐवजी मागच्या आयरिसचं (लहान-मोठं करता येणाऱ्या चकतीचं) छिद्र मोठं करा : १.० वरून १.२. पांढरं राखाडी दिसायला लागलं की छिद्र लहान पडलं, काळ्याच्या कडा पांढुरक्या झाल्या की मोठं झालं.

भिंगाची दूरबीण या प्रकारात नियमानेच चालत नाही, त्यामुळे पुढेही तिला छिद्र आणि रिंग यांच्याशीच संसार करायचा आहे. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य मिळवलं ते अशाच साइटवर. रिंग बदलल्यावर मागच्या साइटचे क्लिक पुन्हा तपासायला सांगा. रिंग नळीत तिरकी बसली किंवा नट अर्धा फेरा सैल राहिला तर सगळा गट एकीकडे सरकतो, आणि मुलगी पुन्हा आपल्या हाताला दोष देत बसते.